आदर्श उत्तरातले आजोबा

...नाही, नाही, ते रोपटं तिकडंच ठेवा टेबलावर, माझ्या हातात देऊ नका, घरी अकरा आहेत आधीच, या एका वर्षातली, दर कार्यशाळेला एक, आणि अकराच्या अकरा वाळली, आमची ही म्हणते अहो, तुम्ही तिथं भाषणं देता का नुसती झाडं मारता... ते असो. टाळ्याही नकोत. मला बोलावलंय यशोगाथा सांगायला, पत्रिकेत तसं छापलंय, 'बहुविध, सर्वसमावेशक व सुलभ अर्थशास्त्र : एक यशोगाथा, वक्ते प्रा. रंगनाथ', वेळ वीस मिनिटं, लगेच जेवण. तुम्ही सगळे जिल्ह्यातले अर्थशास्त्राचे मास्तर, पहाटेची एसटी पकडून सदाशिव पेठेत पोचलात, आणि 'सुलभ' कार्यशाळा कुठं, तर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तर तुम्हाला सांगतो, यशोगाथा वगैरे काही नाही. झालं ते सांगतो. जेवण कुठं पळून जात नाही, पुरी गार होईल फार तर.

इतर परिस्थिती कायम असताना... हे वाक्य मी सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहितोय. इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी घटते. इतर परिस्थिती कायम असताना अमुक वाढलं की तमुक घटतं. आणि सत्तावीस वर्षांत एकही पोरगं उठून विचारत नाही हो, की सर, ही परिस्थिती कायम असते कुठं? पत्ता द्या, जाऊन राहतो तिथं. मी सांगतो पत्ता. आमच्या कॉलेजात असते. नोट्स त्याच, प्रश्न तेच, आदर्श उत्तर तेच, मी लग्नाच्या वर्षी लिहिलेलं. त्या कागदाच्या घड्या फाटल्या म्हणून मागून चिकटपट्टी लावलीय, एवढाच काय तो बदल.

आता पेपर कसे तपासतात हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्हीही तसेच तपासता. आदर्श उत्तर डावीकडं, गठ्ठा उजवीकडं. उत्तर वाचायचं नसतं, मुद्दा शोधायचा असतो. मुद्दा दिसला, बरोबरची खूण, दोन गुण. मुद्द्याखाली पेन्सिलीची रेघ असली तर फारच बरं, चष्माही लावावा लागत नाही. एफवायला मी दरवर्षी विचारतो, 'भूमी या उत्पादन घटकाची वैशिष्ट्ये लिहा', गुण दहा. निसर्गाची देणगी, पुरवठा मर्यादित, अचल, निष्क्रिय, सुपीकता कमीजास्त. पाच मुद्दे, पाच दुणे दहा. मी टीव्ही चालू ठेवून तपासतो, मॅच असली तर षटकाला दोन पेपर.

तर गेल्या वर्षी पहिल्या सत्रात असाच गठ्ठा समोर आणि त्यातून एक पेपर निघाला. कुणाचा ते कळायला मार्ग नाही, कारण आमच्या परीक्षा विभागाचे शिपाई बाबुराव नावाचा कोपरा दुमडून असा डिंकानं चिकटवतात की ब्रह्मदेवालाही उघडायचा नाही. त्यात लिहिलेलं, मला पाठच आहे आता, का पाठ आहे ते कळेलच तुम्हाला: 'भूमी अचल असते असे पुस्तकात आहे, ते बरोबर आहे. आमची जमीन हडपसरच्या पलीकडे जिथे होती तिथेच आहे. तिच्यावर बारा मजल्यांच्या चार इमारती आहेत. माझे आजोबा तिथे कांदा लावायचे, आता तिथेच गेटवर वॉचमन आहेत. बांधावर ज्या जागी बसायचे त्याच जागी त्यांची खुर्ची आहे. जमीन हलली नाही. हललो आम्ही.'

बास. मुद्दा क्रमांक नाही, रेघ नाही. आणि मी ते चुकून वाचलं हो! टीव्हीवर कुणीतरी आउट झाला, ही आतून ओरडली कोण गेला म्हणून, मला सांगता येईना. मग मी डावीकडं बघितलं. अचलता आहे, दोन गुण. बाकीचे चार मुद्दे नाहीत. दहापैकी दोन, पुढचा पेपर. इतर परिस्थिती कायम असताना माणूस दुसरं काय करतो?

ती तीन गुणांनी नापास झाली. राजनंदिनी तिचं नाव. उत्तरपत्रिका दाखवतात त्या दिवशी आली, मागून दुसऱ्या बाकावर बसणारी मुलगी, वर्गात कधी तोंड उघडलेलं मला आठवत नाही. पेपर माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "सर, यात चूक काय आहे?" तक्रारीचा सूर नाही, खरंच विचारत होती. मी उत्तर परत वाचलं. म्हणालो, "चूक काही नाही. यादीत नाही."

तिच्या मागं एक म्हातारा उभा, अंगात सिक्युरिटीचा निळा शर्ट, डोक्याला टोपी पांढरी. हे गेनबा, उत्तरातले आजोबा, साक्षात. रात्रपाळी संपवून नातीबरोबर बसनं आलेले. मी खुर्ची दिली तर बसेनात. म्हणाले, "सर, येक इचारू का? आमच्या रानाचा भाव कुनी ठरवला? इकनारा मी, सही माझी हाय, पर भाव म्या नाय ठरवला. घेनारा म्हनला म्याबी नाय ठरवला, बाजारानं ठरवला. तर ह्यो बाजार कोन, कुठं बसतो, त्येवढं शिकून ये म्हनून पोरीला तुमच्याकडं धाडलीय." आता याला काय सांगता! मी सांगितलं, सवयीनं तोंडातून निघून गेलं, की मागणीचा वक्र आणि पुरवठ्याचा वक्र जिथं छेदतात तिथं भाव ठरतो. ते म्हणाले, "म्हंजी कुठं? मगरपट्ट्याच्या अंगाला का?" मी म्हणालो, इतर परिस्थिती कायम असताना, आजोबा. त्यांनी मान हलवली. माझी कीव आल्यासारखी हलवली.

मग कळलं की घरात चुलत्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, पोरगी एकदा नापास झाली की शिक्षण बंद, त्याच सोसायटीच्या ऑफिसात जागा आहे, चिकटवून टाकू. तिला पुढं एमए करायचं होतं, अर्थशास्त्रात, कारण म्हाताऱ्याचा तो प्रश्न. गेनबांनी घरी भांडून तिला आणखी एक संधी मिळवून दिली होती, जानेवारीची पुनर्परीक्षा. तीही गेली की संपलं.

आणि नेमकं त्याच सुमाराला आमच्याकडं बहुविधतेचं वारं आलं. तपासणी समिती यायची होती. आमच्या प्राचार्या उत्कर्षा मॅडम आणि संस्थाचालकांचे चिरंजीव केयूर सर, हे परदेशातून नुकतेच परतलेले, यांनी ठरवलं की आपलं अर्थशास्त्र आता बहुविध करायचं, विविध करायचं आणि तरुणांना सुलभ करायचं, पंधरा तारखेच्या आत. समिती नेमली. पाच जण. पाचही पुरुष, पाचही एकाच गुरुजींचे विद्यार्थी, चौघं एकाच गल्लीत राहणारे. मतभेद झाला तो एकदाच, चहात साखर असावी का यावर. मातृभाषेतून अर्थशास्त्र या विषयावर आमची चर्चा झाली, इंग्रजीत. सुलभतेसाठी नोट्सचा टाइप बारावरून चौदा केला. विविधतेसाठी फोटो काढला, त्यात विदर्भातनं आलेला ऋषी पुढं उभा केला, कारण तो सगळ्यांत लांबचा.

मला वाटलं, हीच वेळ आहे. तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी बैठकीत हात वर केला. बाबुरावांकडून तो पेपर आणलेला, तो मी मोठ्यानं वाचून दाखवला. 'हललो आम्ही' म्हटलं आणि माझाच आवाज जरा हलला. मग केयूर सर खुर्चीत पुढं सरकले, "सर, हे गोल्ड आहे. हाच तो आल्टरनेटिव्ह व्हॉइस. वुई मस्ट स्केल इट." मला गोल्ड कळलं, स्केल कळलं नाही. मी म्हणालो, मग या मुलीचे गुण वाढवू या का? उत्कर्षा मॅडम म्हणाल्या, "निकाल लागलेला आहे, सर. जुनं उकरायला नको. पण हे उत्तर इतकं छान आहे ना, तर आपण ते आदर्श उत्तरातच घेऊ. म्हणजे यापुढं असं लिहिणाऱ्या कुणावर अन्याय नको." बघा, वाक्य किती चांगलं आहे. मीसुद्धा मान डोलावली. ठराव पास, अनुमोदन माझं.

गुणांची विभागणीही मीच केली, या हातांनी. आजोबांचा उल्लेख, दोन गुण. कांदा, एक. इमारती चार व मजले बारा, एक. वॉचमन, दोन. खुर्ची, एक. आणि 'हललो आम्ही', अधोरेखित असल्यास, तीन गुण.

मग वर्गात उतरवून दिलं. लिहून घ्या: माझे आजोबा, स्वल्पविराम... सदाशिव पेठेतला समर्थ उभा राहिला, "सर, माझे आजोबा सिएटलला असतात, काकाकडं." म्हटलं, परीक्षेपुरते हडपसरला आण. ऋषी म्हणाला, "सर, आमच्याकडं जमीनच नव्हती कधी. आजोबा दुसऱ्याच्या वावरात जायचे." आता हे उत्तर, तुम्ही विचार करा, हे उत्तर केवढं मोठं! हेच तर ऐकायचं होतं ना आपल्याला? मी म्हणालो, "खाली बस. तास संपत आलाय. होती असं समज." राजनंदिनी मागच्या बाकावर हात बांधून बसलेली. मी विचारलं, तू नाही का लिहून घेत? ती म्हणाली, "माझे मला पाठ आहेत, सर." वर्ग हसला. मीही हसलो हो, काय करणार, वर्गाबरोबर हसायची सवय असते मास्तरांना.

आठ दिवसांत कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं नोट्सचे दोन सेट टांगलेले. मी एकदा सहज विचारलं, भूमीचं प्रकरण आहे का? त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आजोबांसकट हवंय का आजोबांशिवाय? शिवाय घेऊ नका, ते जुनं आहे."

आली पुनर्परीक्षा. त्रेचाळीस मुलं. प्रश्न तोच, प्रश्न कसा बदलणार, इतर परिस्थिती कायम असताना! गठ्ठा घेऊन बसलो आणि सुरू झालं, आजोबा, कांदा, वॉचमन, खुर्ची. आजोबा, कांदा, वॉचमन, खुर्ची. बेचाळीस आजोबा, हो! एका गेटवर बेचाळीस म्हातारे वॉचमन, एकाच खुर्चीवर. हललो आम्ही, हललो आम्ही, हललो आम्ही, सगळीकडं पट्टीनं मारलेली रेघ. तिसाव्या पेपरला मला काही वाटेनासं झालं. पहिल्या वेळी ज्या वाक्यानं टीव्हीवरचा आवाज ऐकू येईना, त्याच वाक्याखाली मी खुणा करत होतो आणि स्कोअर बघत होतो.

आणि त्यात एक पेपर निघाला, त्यात आजोबाच नाहीत. लिहिलेलं की, 'पुस्तकात उत्पादनाचे चार घटक आहेत, भूमी, श्रम, भांडवल, संयोजक. आमची जमीन विकली तेव्हा पाचवा घटक लागला, आत्याची सही. हक्कसोडपत्रावर. भूमीला खंड मिळतो, श्रमाला मजुरी मिळते. आत्याला साडी मिळाली आणि एक जेवण. सगळे म्हणाले, बहिणीनं भावाकडं हिस्सा मागू नये. त्या दिवशी ती पुरणपोळी न खाता उठली. नंतर माहेरी आली नाही. तिची सही नसती तर भाव ठरलाच नसता. पण भाव कुणी ठरवला हे विचारताना तिचं नाव कुणी घेत नाही.'

तुम्हाला सांगतो... माझ्या बहिणीनं सही केलीय. पर्वतीच्या पायथ्याच्या फ्लॅटसाठी. साडी हिनं आणली होती, मोरपिशी. मी पेन खाली ठेवलं, पाणी प्यालो. मग डावीकडं बघितलं. आजोबा नाहीत, शून्य. कांदा नाही. इमारती नाहीत. वॉचमन नाही, खुर्ची नाही. यादीत नाही ते देता येत नाही. जमिनीचा उल्लेख आहे म्हणून माझ्या पदरचे दोन गुण दिले आणि समासात लाल शाईनं लिहिलं, 'विषयांतर'.

दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागात बाबुराव पाण्याचं बोट लावून एकेक कोपरा उघडत होते, मी शेजारी चहा घेत उभा. एका पेपरवर थांबले. म्हणाले, "सर, ही तुमची आजोबावाली मुलगी ना? एकटी हीच गेलीय. बाकीची बेचाळीस पास." मी कप ठेवला. बाबुरावांनी पान उलटलं, अंगठ्यानं ओळ धरून वाचलं आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "हिला आजोबा आठवले नाहीत होय?" या माणसाला मी वीस वर्षं ओळखतो. तो टोमणा होता की खरंच विचारत होता, अजून कळलेलं नाही मला.

नाही, मी धावपळ केली. अगदीच काही दगड नाही मी. मॅडमकडं गेलो, त्या म्हणाल्या, फेरतपासणीचा नियम आहे ना, विद्यार्थिनीनं अर्ज करावा, सही तिची लागेल, आठ दिवसांची मुदत. फोन केला, उचलेना. शेवटच्या दिवशी अर्ज घेऊन मी स्वतः निघालो, हडपसरची बस, पुढं रिक्षा. सोसायटीचं नाव इंग्रजी, अर्थ मात्र हिरवं शेत असाच काहीतरी. गेटवर गेनबा, खुर्चीवर. उठून उभे राहिले मला बघून, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खिडकीच्या आत टॅब घेऊन बसलेली राजनंदिनी. एक तारखेपासून लागली होती.

"नाव, सर?" तिला माझं नाव ठाऊक आहे, पण विचारावं लागतं. सांगितलं. "भेटीचं कारण?" म्हटलं, अगं, शिक्षण. तुझं शिक्षण. तिनं टॅब माझ्याकडं वळवला. चार चौकोन: पाहुणे, घरकाम, टॅक्सी, डिलिव्हरी. म्हणाली, "शिक्षण यादीत नाही, सर." टोमणा नव्हता हो तो. असता तर बरं वाटलं असतं. मी म्हणालो, कागद द्यायला आलोय, डिलिव्हरी टाक.

अर्ज पुढं केला. तिनं वाचला, नीट वाचला, आमच्याकडं कुणी वाचत नाही तसा. विचारलं, "तपासणार कोण, सर?" मी म्हणालो, मीच, विषयाला मी एकटाच आहे. "कशावरून तपासणार?" म्हटलं, आदर्श उत्तरावरून. "ते कुणाचं आहे?" मागं गेनबा उभे, त्यांना वाटलं पोरीचं काम होतंय, चेहऱ्यावर केवढी आशा त्या माणसाच्या. मी म्हणालो, तुझं आहे, बाई. तर हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसताना बघितली. अर्जाची घडी घालून मला परत दिली. "राहू द्या, सर. सह्या बघितल्यात मी."

मग टॅब वाजला. म्हणाली, "डिलिव्हरीला दहाच मिनिटं असतात, सर." बाहेर पडताना पडद्यावर दोन चौकोन आले, पूर्ण आणि अपूर्ण. मी खिडकीतून बोट पुढं केलं, तर तिनंच 'पूर्ण' दाबलं. "अपूर्ण दाबलं की माणसाला परत यावं लागतं," म्हणाली, "तुम्हाला लांब पडतं."

गेनबा रिक्षापर्यंत आले. विचारलं त्यांनी, "सर, सापडला का मग तो? बाजार?" मला उत्तर येत होतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा येत होतं, त्यात माझंही नाव होतं. मी रिक्षावाल्याला चला म्हणालो.

झालं. तपासणी समिती येऊन गेली, श्रेणी वरची मिळाली. अहवालात लिहिलंय, बेचाळीस विद्यार्थ्यांनी स्वानुभवातून स्वतंत्र मांडणी केली. म्हणून तर आज तुम्ही इथं आणि मी इथं. परवा केयूर सर म्हणाले, "सर, आजोबा आता जुने झाले. नवीन व्हॉइस आहे का?" मी नाही म्हणायला पाहिजे होतं. तुम्ही तसं बघू नका माझ्याकडं, म्हणायलाच पाहिजे होतं, कळतं मला. पण समोर चहा होता, ठरावाचा कागद होता, निवृत्तीला तीन वर्षं आहेत, इतर परिस्थिती सगळी कायम होती... आणि तो 'विषयांतर'वाला पेपर माझ्या पिशवीतच होता.

तेव्हा आता जेवायला उठायच्या आधी, फायली उघडा. पान तीन. काही जणांच्या फायलीत छापायचं राहिलंय, त्यांनी वही काढा. पुरणपोळीला एक गुण आहे, साडीला अर्धा. हं, लिहून घ्या: माझी आत्या, स्वल्पविराम...